टिकली आणि लघुग्रह

२०२४ साली लक्ष्मीपूजन शुक्रवारी आले होते. तोक्योत त्या दिवशी सुट्टी असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सकाळी निशिकासाई स्थानकावर मी नेहमीच्याच गर्दीत उभी होते. फरक एवढाच की अंगावर जांभळा कुर्ता होता, पिशवीत चकल्यांचा डबा होता आणि कपाळावर टिकली होती. एरवी मी टिकली लावून कचेरीत जात नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. कोणीतरी विचारते, मग समजावून सांगावे लागते, आणि सकाळी नऊ वाजता संस्कृतीची वकिली करण्याची हौस मला नसते. त्या दिवशी मात्र लावली. लिफ्टमधून बाहेर पडले तर समोर आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी उभे होते. पन्नाशी उलटलेले, मितभाषी, ओळंब्यात उभे केल्यासारखे ताठ गृहस्थ. त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली, क्षणभर तिथेच राहिली, आणि त्यांच्या तोंडून अगदी हलक्या आवाजात एकच शब्द निघाला. "लाला." पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "शित्सुरेइ शिमाश्ता," असे म्हणून त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि ते जिन्याकडे वळले. लिफ्टसाठी थांबलेला माणूस सहा मजले जिन्याने उतरून गेला, हे माझ्या मनाला दिवसभर टोचत राहिले.

मला लाला म्हटले की एक तर शाळेच्या इतिहासातले लालाजी आठवतात, नाही तर जुन्या हिंदी चित्रपटात चोपडी उघडून बसलेला सावकार. या दोघांशी माझ्या कपाळाचा काही संबंध लागेना. जेवणाच्या सुट्टीत फोनवर शोधले तेव्हा समोर एक रेखाटलेली मुलगी आली. सावळा वर्ण, पिवळा झगा, दोन्ही बाजूंना बांधलेले केस, आणि दोन भुवयांच्या मध्ये, नेमका माझी टिकली होती तिथेच, एक ठिपका. लाला सुन. १९७९ साली सुरू झालेल्या 'मोबाईल सूट गंडम' या मालिकेतली, भारतीय वंशाची म्हणून ओळखली जाणारी मुलगी. ती मालिका संपायच्या आतच मरते, हेही तिथेच लिहिलेले होते.

म्हणजे सकाळी सकाळी मी एका गृहस्थांना मेलेली मुलगी दिसले होते.

जपानमध्ये इतकी वर्षे काढूनही मी गंडमच्या वाटेला कधी गेले नव्हते. त्याच्याशी परिचय होता तो रस्त्यावरच्या फलकाशी असतो तसा. ओदाइबाला पाहुण्यांना फिरवायला नेले की तिथला पूर्णाकृती गंडम दाखवायचा, त्याच्या पायाशी उभे करून त्यांचे फोटो काढायचे. सेइबू शिंजुकू मार्गावरच्या कामिइगुसा स्थानकासमोर त्याचा ब्राँझचा पुतळाही आहे, आपल्याकडे चौकात पुढाऱ्यांचे असतात तसा. आत माणूस बसून चालवतो ते अवाढव्य यंत्रमानव अंतराळात एकमेकांना ठोकून काढतात, यापलीकडे त्यात काही असेल असे मला वाटले नव्हते. मुलग्यांचा खेळ, असा शिक्का मारून मी मोकळी झाले होते. पण त्या आठवड्याला जोडून सोमवारीही सुट्टी आली होती, फराळ झाला होता, आणि लालाचा प्रश्न काही सुटत नव्हता. मूळ मालिका त्रेचाळीस भागांची. १९८८ सालच्या 'चार्स काउंटरअटॅक' या चित्रपटात लाला शेवटची दिसते, असे वाचनात आले. चित्रपट दोन तासांचा. व्यवहारी पुणेकर मनाने हिशेब केला आणि मी गोष्टीचा शेवट आधी पाहायला बसले.

व्हायचे तेच झाले. पहिल्या अर्ध्या तासात मला काहीही कळले नाही. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो प्रेक्षकाला बोटाला धरून नेणाऱ्यांतले नाहीत. कोण कोणाचा शत्रू, युद्ध कशासाठी, मागे काय घडले, हे तुम्हाला ठाऊकच आहे असे गृहीत धरून चित्रपट सुरू होतो, आणि तोही लढाईच्या ऐन मध्यावर. लग्नघरी आपण चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरावे आणि तिथे सगळे एकमेकांना नावानिशी टोमणे मारत असावेत, तशी माझी अवस्था झाली. एवढे उमगले की शार अझ्नाबल नावाचा, म्हणजे चित्रपटाच्या नावातलाच, एक देखणा, सोनेरी केसांचा नेता पृथ्वीवर लघुग्रह पाडायला निघाला आहे. पृथ्वी राहण्यालायक उरली नाही की माणसे नाइलाजाने अंतराळातल्या वसाहतींत जातील, असा त्याचा हिशेब. त्याने पहिला लघुग्रह पाडला तो ल्हासावर. मी एकदम सरसावून बसले. ल्हासा म्हणजे आपल्या शेजारचेच. तिथे एवढा डोंगर आकाशातून कोसळल्यावर सिक्कीममध्ये आणि आसामात काय झाले असेल, याची चित्रपटाला यत्किंचितही फिकीर नाही. तो पुढच्या प्रसंगाला लागतो. याच चित्रपटात क्वेस पराया नावाची एक तेरा-चौदा वर्षांची हट्टी मुलगी आहे, आणि ती भारतात जाऊन कसलीशी साधना करून आलेली आहे. हे ऐकून मी मोठ्याने हसले. लहानपणी कोरेगाव पार्कात मरून रंगाच्या कफन्या घातलेले परदेशी लोक रिक्षावाल्यांशी हुज्जत घालताना मी पाहिलेले आहेत. क्वेस थेट त्यांच्यातली वाटली. म्हणजे या गोष्टीत भारत दोनदा येतो. एकदा जिथे जाऊन बड्या घरची पोर मनाची शक्ती वाढवून घेते तो देश म्हणून, आणि एकदा कपाळावर ठिपका असलेल्या, आता हयात नसलेल्या एका मुलीच्या रूपाने.

ती मुलगी पडद्यावर येते ती आमुरो रे या नायकाच्या स्वप्नात. आमुरोच्या हातूनच ती चौदा वर्षांपूर्वी मारली गेली आहे. स्वप्नात एक हंस आहे, लाला आहे, आणि दचकून उठणारा, तिशीला टेकलेला, थकलेला पुरुष आहे. ती त्याच्यावर चिडलेली नाही. तिला ते दोघे, आमुरो आणि शार, नुसते पाहायचे आहेत, अशा अर्थाचे ती काहीतरी म्हणते, आणि आमुरोला तेच सहन होत नाही. हे मला आवडले. मेलेल्या माणसाने शिव्या दिल्या तर परवडतात. त्याने शांतपणे बघत राहावे, हे फार कठीण.

चित्रपट शेवटाकडे येतो तेव्हा अ‍ॅक्सिस नावाचा प्रचंड लघुग्रह पृथ्वीकडे निघालेला असतो, आत सुरुंग लावून त्याचे दोन तुकडे केले जातात, आणि त्यातला मागचा तुकडा उलट पृथ्वीवरच येऊ लागतो. अशा वेळी जगाचा निकाल ज्यांच्या हातात आहे ते दोन पुरुष काय करत असतात? भांडत असतात. आमुरोने शारची सुटकेची कुपी आपल्या गंडमच्या मुठीत पकडून त्या कोसळणाऱ्या खडकात दाबून धरली आहे, दोघेही मरणार हे दोघांना माहीत आहे, आणि त्या कुपीतून शार ओरडतो की लाला सुन ही माझी आई होऊ शकली असती अशी स्त्री होती, तिला तू मारलेस, आणि तूच मला शहाणपण शिकवतोस! आमुरो क्षणभर गडबडतो. आई? लाला?

मी चित्रपट थांबवला. आधी हसू आले. आपल्याकडे नवरा बायकोला वैतागून 'अगं माझी आई!' म्हणतो, पण ते वेगळे. हा तेहेतिशीचा सेनापती, ज्याच्यासाठी एक अख्खे सैन्य मरायला तयार आहे, तो मरायच्या वेळी एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर हक्क सांगतो, आणि तोही प्रेयसी म्हणून नाही, आई म्हणून. मग हसू ओसरले. कारण हे भांडण मी आधी ऐकलेले होते. यंत्रमानव नव्हते, लघुग्रहही नव्हता. पण आवाजाची पट्टी हीच होती.

आमच्या वाईच्या घरात सुमनआत्याचा फोटो होता. नीट सांगायचे तर तिचा एकच फोटो दोन घरांत होता. थोरल्या काकांच्या ओसरीवर एक, आणि भिंतीपलीकडे धाकट्या काकांच्या माजघरात एक. ती भिंत नंतर घातलेली. तिच्या एका बाजूला देव्हारा गेला आणि दुसऱ्या बाजूला आड. आत्या १९७४ साली एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. थोरल्यांचे म्हणणे असे की धाकट्याने साताऱ्याहून डॉक्टर आणायला उशीर केला. धाकट्यांचे म्हणणे असे की थोरल्याने आठ दिवस झाडपाल्यात घालवले. माझे वडील मधले. ते पुण्याला नोकरीला असल्यामुळे त्यांना दोन्ही घरचा चहा चालत असे, आणि त्यांच्याबरोबर मलाही. आडाचे पाणी असो, फणसाची वाटणी असो की घरपट्टीची पावती, भांडण कशावरूनही सुरू झाले तरी तिसऱ्या वाक्याला आत्या यायचीच. "सुमनच्या वेळीही तू असाच." त्या वाक्यानंतर दोघेही गप्प होत, आणि मग धाकटी काकू भांडी जरा जास्तच जोरात आपटत असे. फोटो कृष्णधवल होता, पण कपाळावरचे कुंकू लाल होते. फोटोवाल्याने बारीक कुंचल्याने वरून भरलेले. मी लहानपणी या घरातून त्या घरात जाऊन दोन्ही कुंकवे ताडून पाहत असे, कारण माजघरातले जरासे मोठे होते. सुमनआत्या कोणती गाणी गुणगुणत असे, तिला कोणती भाजी आवडत नसे, ती कधी चिडत असे, यातले एक अक्षरही मी त्या दोन घरांत कधी ऐकले नाही. ऐकले ते एवढेच की ती कोणामुळे गेली.

डिसेंबरात मग मी मुकाट्याने मागे गेले आणि मूळ गोष्ट पाहिली. त्रेचाळीस भाग नाहीत. त्यांचेच संकलन करून १९८१ आणि १९८२ साली आलेले तीन चित्रपट. मालिका पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा ती फारशी कोणी पाहिली नव्हती, खेळणी विकणाऱ्या पुरस्कर्त्यांनी हात आखडता घेतला आणि ठरलेल्या भागांआधीच ती गुंडाळावी लागली. नंतरच्या पुनःप्रक्षेपणांनी आणि प्लॅस्टिकच्या मॉडेलांनी तिला वर काढले. त्या संकलनाच्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. पंधरा वर्षांचा आमुरो पृथ्वीवर बऱ्याच काळाने आईला भेटतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो. आई हादरते, हा माझा मुलगाच नव्हे असे तिला होते. तो निघताना तिला सैनिकासारखा सलाम करतो. ते पाहिल्यावर शेवटच्या चित्रपटातले "आई? लाला?" मला निराळेच ऐकू येऊ लागले. शार लहानपणीच पोरका झालेला, आमुरो आई असून पोरका. दोघांच्या मध्ये लाला आहे, आणि दोघांनाही तिच्याकडून तेच हवे होते, एवढाच त्याचा अर्थ असावा. शारने तो शब्द उच्चारला, म्हणून तो हास्यास्पद दिसतो. आमुरोने तो कधी उच्चारला नाही.

आणि लाला? ती तळ्याकाठी बसलेली असते. एक हंस घिरट्या घालत खाली येतो आणि मरतो. बाजूला कोण आहे हे न पाहताच ती बोलते. पुढे तीच एल्मेथ नावाच्या, टोकदार हिरव्या टोपीसारख्या दिसणाऱ्या युद्धयानात बसून माणसे मारते, आणि हे लक्षात ठेवायला हवे, कारण तिच्या चाहत्यांना तिचा ठिपका आठवतो, हे आठवत नाही. आमुरोशी तिचे मन जुळते तेव्हा ती त्याला सांगते की तुझ्याकडे जपण्यासारखे कोणी नाही, काही नाही, तरी तू लढतोस. मी लढते ते मला ज्याने सोडवले त्याच्यासाठी. यात कोणाची आई होण्याचा विषय नाही. उपकाराची फेड आहे, थोडा अभिमान आहे, आणि इतक्या उशिरा का भेटलास हा आमुरोला विचारलेला प्रश्न आहे. मग शारला वाचवायला ती मध्ये येते आणि आमुरोचा वार तिला लागतो. काही मिनिटांचा प्रसंग. पुढच्या चौदा वर्षांचे भांडण या काही मिनिटांवर उभे आहे.

गाजलेल्या गोष्टीचा पुढचा भाग काढणे हा माझ्या लेखी शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार. 'चार्स काउंटरअटॅक' मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र वाटले की या चित्रपटाला स्वतःच्या शिळेपणाची पुरेपूर जाणीव आहे. त्यात कोणी जिंकायला निघालेले नाही. शारने गंडमसाठी लागणारे नवे तंत्रज्ञान स्वतः होऊन आमुरोच्या बाजूला पोहोचू दिले आहे, कारण त्याला कमजोर आमुरोला हरवायचे नाही. असल्या माणसाला पृथ्वीचे काय पडले असणार? पृथ्वी थंड करून माणसाला सुधारण्याचे त्याचे तत्त्वज्ञान ऐकायला भारदस्त आहे, आणि त्यात तथ्यही आहे, पण ते तत्त्वज्ञान म्हणजे आमच्या घरची फणसाची वाटणी. तिसऱ्या वाक्याला काय येणार हे ठरलेले.

एक प्रसंग तर मी तीनदा मागे नेऊन पाहिला. निर्वासितांच्या वसाहतीत शार साध्या आगगाडीने प्रवास करतो. डब्यातल्या लोकांना कळते की हा तो, आणि ते गाऊ लागतात. बायका, म्हातारे, कामावरून परतणारे लोक. त्याच्या चेहऱ्यावर एक सभ्य स्मित आहे. गाडीच्या डब्यात माणसे गाऊ लागली की मला लोकलमधली भजनी मंडळे आठवतात, त्यांच्या टाळांचा तो घरगुती आवाज आठवतो; इथले गाणे ऐकून अंगावर काटा येतो. या माणसांनी त्याच्यावर विश्वास टाकला आहे, आणि त्यांच्या घरादाराची, भविष्याची मोट बांधून तो निघाला आहे ते एक जुने उणेदुणे चुकते करायला. हे दिग्दर्शकाने शब्दांत कुठेही सांगितलेले नाही. फक्त ते स्मित जरा जास्त वेळ दाखवले आहे.

चित्रपट निर्दोष नाही. तो खच्चून भरलेला आहे, आणि त्यातल्या स्त्रिया एकजात कोणत्या ना कोणत्या पुरुषाच्या आधारासाठी ठेवल्या आहेत. चान आमुरोसाठी, नानाइ शारसाठी. क्वेस शारच्या मागे वेड्यासारखी जाते, तिला त्याच्यात बाप हवा आहे, आणि तो तिला हत्यारासारखी वापरतो. प्रेक्षकांत क्वेस अतिशय नावडती आहे. मला ती सर्वांत खरी वाटली. ज्याला स्वतःला आई हवी आहे त्याच्याकडे ती बाप मागायला गेली, हे या चित्रपटातले सगळ्यात क्रूर गणित आहे. तिच्याही मरणावर पुढे एका मुलाच्या आयुष्याची वाट लागते. आमुरोच्या जहाजाचा कप्तान ब्राइट, त्याच्या त्या मुलावर, हॅथवेवर, २०२१ साली वेगळा चित्रपट निघाला. म्हणजे पुन्हा एक मेलेली मुलगी, पुन्हा एक पुढचा भाग.

पण शेवटची दहा मिनिटे. एक दगडच तर आहे, असे म्हणून आमुरो गंडमची पाठ न दाखवता, छाती लावून, त्या कोसळणाऱ्या डोंगराला ढकलू लागतो. हा शुद्ध वेडेपणा आहे. मग दोन्ही बाजूंचे, आत्तापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे, बिननावाचे सैनिक आपापली यंत्रे घेऊन येतात आणि त्या खडकाला हात लावतात. घर्षणाने यंत्रे तापतात, एकेक सुटून पडते. आमुरो त्यांना परत जा म्हणतो, ते जात नाहीत. हिरवट प्रकाश पसरतो आणि खडक वळतो. हे कसे घडले याचे शास्त्र चित्रपटात आहे, त्यावर तासन्‌तास वाद घालणारे लोकही आहेत. मला त्यात रस वाटला नाही. मला दिसले ते एवढेच की त्या सैनिकांपैकी एकालाही लाला कोण हे माहीत नाही. पृथ्वी वाचली ती त्यांच्यामुळे, आणि त्याच वेळी, त्याच खडकात रुतून, ते दोघे अजून भांडतच आहेत. त्यांचे पुढे काय झाले ते दाखवलेले नाही. टीएम नेटवर्कचे गाणे सुरू होते आणि नावे वर सरकू लागतात.

फेब्रुवारीत कामानिमित्त फुकुओकाला गेले असताना मुद्दाम वाट वाकडी करून त्या चित्रपटातल्या गंडमवर बेतलेला पूर्णाकृती पुतळा पाहिला. २०२२ साली तिथल्या एका मोठ्या मॉलच्या दारात तो उभा केला आहे, उंची जवळपास २५ मीटर, पाठीला एकाच बाजूला पंख्याच्या पात्यासारखे लांब अस्त्र. मॉलचे नाव लालापोर्ट. या नावाचे मॉल देशभर आहेत आणि त्याचा आपल्या लालाशी काडीचाही संबंध नाही, हे ठाऊक असूनही मी फलकाकडे बघतच राहिले. थंडी बोचरी होती. एक आजोबा नातवाला तो पुतळा दाखवत होते आणि नातू त्यांच्या हातातल्या तळलेल्या बटाट्यांकडे बघत होता. ठरलेल्या वेळी संगीत लागले, दिवे लागले. इथे आमुरो होता, पण ढकलायला खडक नव्हता, त्यामुळे तो कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा दिसत होता.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी या विषयावर बोलायचे धाडस मला उन्हाळ्यापर्यंत झाले नाही. २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत गंडमची एक नवी मालिका चालू होती, तिच्यात लाला पुन्हा आली, आणि पुढच्या आठवड्यात कचेरीतले निम्मे मध्यमवयीन पुरुष पाणी पिण्याच्या यंत्रापाशी कुजबुजत होते. तिथेच मी त्यांना गाठले आणि सरळ विचारले की त्या दिवशी तुम्ही मला लाला म्हणालात, तुम्हाला ती इतकी आवडते का? ते पुन्हा लाल झाले. मग म्हणाले की आवडते असे नाही. लहानपणी मॉडेलांची टंचाई होती, दुकानदार गंडमच्या खोक्याबरोबर न खपणारे दुसरे खोके गळ्यात मारत. त्यांच्या गळ्यात एल्मेथ आले. आईने ते जोडायला लावले, पैसे दिलेत म्हणून. पुढे गंडमचा हात तुटला, मग तो हरवला, एल्मेथ मात्र कपाटावर दहा वर्षे बसून होते. "मी रोज झोपताना तेच बघत असे," ते म्हणाले, "त्यामुळे लाला म्हणजे मला खरे तर एक हिरवी टोपी." १९८८ च्या मार्चमध्ये त्यांनी तो चित्रपट गावातल्या चित्रपटगृहात पाहिला, आधी त्याच पात्रांचा एक विनोदी लघुपट दाखवला होता, बुटक्या बुटक्या गंडमांचा, त्यामुळे हसत हसतच लोक मुख्य चित्रपटात शिरले. त्यातले सर्वांत काय आठवते, असे मी विचारले. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळहात समोर करून एक अदृश्य भिंत ढकलून दाखवली. खडक ढकलणारे ते सैनिक. त्यातला कोण कोणत्या यंत्रात होता, कोण आधी सुटून पडला, हे सगळे त्यांना पाठ होते. आईच्या वाक्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले की तेव्हा सगळे हसले होते. थोडे थांबून म्हणाले, आता मी हसत नाही.

मला हायसे वाटले की नाही, ते सांगता येत नाही. सात महिने मी एका माणसाच्या मनात स्वतःचे मेलेल्या प्रेयसीचे चित्र लटकवून त्यावर रागावत होते, आणि तिथे होती ती न खपलेल्या मालाची हिरवी टोपी.

२०२५ च्या लक्ष्मीपूजनाला मंगळवार होता. संध्याकाळी बाबांना फोन केला. दोन्ही काका आता नाहीत, भिंत मात्र आहे. बोलता बोलता मी विचारले की सुमनआत्याच्या दोन फोटोंतले कुंकू वेगवेगळ्या मापाचे का होते? बाबा हसले. म्हणाले, "कुंकू? ती कुंकू लावायचीच नाही. लावले की तिच्या कपाळावर पुरळ उठायची. आई रोज ओरडायची तिला त्यावरून." मग तो फोटो? तो तिने नर्सिंगच्या अर्जासाठी काढला होता, तिला पुण्याला यायचे होते. ती गेल्यावर थोरल्याने तो मोठा करून घेतला, आणि मोकळ्या कपाळाने भिंतीवर नको म्हणून फोटोवाल्याकडून कुंकू भरून घेतले. वर्षभराने धाकट्याने आपला वेगळा करून घेतला. त्याने जरा ठसठशीत भरायला सांगितले असणार.

मूळचा छोटा फोटो आहे का, असे मी विचारले. ट्रंकेत बघतो म्हणाले. रात्री जपानच्या वेळेने साडेअकराला तो फोनवर आला. चारही कडांना पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात टाचणीचे भोक. कपाळ मोकळे आहे. ती हसत नाही. डावी भुवई किंचित वर चढलेली आहे, बहुधा फोटोवाल्याने हनुवटी वर करायला सांगितले असावे आणि ते तिला पटलेले नसावे.